सुमनच्या घरी भाकर नेऊ नका

बाया-माणसांनो, बसा तुम्ही. मी उभीच राह्यते. सकाळपासून मले एका जाग्यावर बसताच येऊन नाही राह्यलं. तुम्ही सारे आले, लोहाऱ्याचे पावणे आले, बोरी अरबच्या बाजारातले हमाल कामं टाकून आले. लय आधार वाटला. पण बोलाले गेलं की राग येते. म्हातारी वेडंवाकडं बोलली तर सांभाळून घ्या.

माही नजर घडी-घडी त्या गल्लीकडं जाऊन राह्यली, ते तुम्ही पाह्यलं असन. तिथं वामनची बायको निजली आहे. सुमन. वामन ज्या तापात गेला, तोच ताप तिलेही होता, कालच उतरला. मी इथं वामनसाठी उभी आहे, पण जीव माहा तिथं आहे.

मी वामनची आत्या. त्याचा बाप गेला तवापासून भावजयीसंग त्याच घरात राह्यते. पोरगं कसं होतं, तुम्हाले काय सांगू? कापसाचा बोरा पाठीवर घेऊन चालला की मागच्याले पळा लागे. धम्माची दीक्षा घेऊन आला, अन् दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातली देवीमाय उचलून नाल्यात नेली. मी म्हटलं, "अरे, जरा दमानं." तर म्हणे, "आत्या, दम धरता धरताच आपले आजे-पंजे गेले." खरं बोलला. मी त्या मायसाठी तवाही रडली नाही, आजही रडत नाही.

पण एक गोष्ट मले खाऊन राह्यली.

पह्यले मोतीझरा, म्हणजे हाच मुदतीचा ताप, निघाला की आपण काय करत होतो? आठवा जरा. दाराले निंबाची डहाळी. घरात फोडणी नाही. बाहेरचं माणूस आत नाही. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लेकराले पातळ पेज आन् उकळून थंडं केलेलं पाणी. ताप उतरला तरी कितीक दिवस पेजच. काहून? तर माय कोपते. भेव मायचं होतं, पण त्या भेवानं दुखणाईत माणसाले निजाले भेटत होतं. मग आपण माय सोडली. चांगलं केलं, हज्जारदा चांगलं केलं! पण मायसंग पथ्यही वाहून गेलं, हे कोणाच्या ध्यानात आलं? तुमच्या? भावजयीच्या? कोणाच्याच नाही.

वामनले ताप चढला. आज उतरन, उद्या उतरन, करता करता पोरगं बरळाले लागलं. मग गाडी जुंपली आन् दारव्ह्याले नेलं. डॉक्टरनं रक्त तपासाले लावलं. म्हणे, "टायफॉईड आहे. मुदतीचा ताप. या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. पोटातल्या आतड्याले जखमा झाल्या आहेत. ताप उतरला तरी त्या जखमा भरल्या नसतात." येताना वाटेत वैद्यबुवाकडं थांबलो. मी म्हटलं, "बुवा, तुमचा काढा द्या, गोळ्या बंद करतो." तर वैद्यबुवा मलेच रागावले. म्हणे, "बाई, ताप मारणं त्या गोळ्यांचं काम. एकही चुकवू नका. मी फक्त त्याच्या पोटाचं पाहतो. नागरमोथा, सुंठ टाकून पाणी उकळा, तेही डॉक्टरले इचारून. मऊ भात, मुगाचं कढण. भूक लागली म्हणून भरवू नका." दोघांची विद्या येगयेगळी, पण बोलले एकच.

आन् आपण काय केलं? ताप उतरला, वामन उठून बसला, हसला. अन् वस्ती लोटली! हे आपलं प्रेम. कोणी वडे आणले, कोणी कोंबडीची तर्री, कोणी गरम-गरम भाकर. "खाय बापा, खाय, हाडं राह्यले नुसते." तो तर भुकेला वाघ झालता. त्यानं खाल्लं. आपण पाह्यलं आन् खुश झालो. दोन घटका नाही झाल्या तर पोट धरून लोळाले लागला. दारव्ह्याची वाट सरली नाही, गाडीतच गेला, बाबा हो. आतडं फुटलं, डॉक्टर म्हणे.

वहिनी, मान वर कर. तुले नाही म्हणत मी. कोणी जहर देलं नाही. साऱ्यांनी मायेनंच देलं. तेच तर मले सहन होऊन नाही राह्यलं!

आता सुमन. ताप कालच उतरला. गोळ्या अजून सुरू आहेत. तिचा नवरा गेला हे तिले माहीत आहे. पह्यले रडली. मग आज सकाळी माह्या पदराले धरून म्हणे, "आत्याबाई, मले एक चतकोर भाकर द्या ना." ज्या पोरीचं कुंकू गेलं ती भाकर मागून राह्यली, आन् मी तोंड फिरवलं. कसं फिरवलं ते मलेच माहीत.

मग मी दाराले निंबाची डहाळी बांधली. वामनसंगच दीक्षा घेतलेला आपला उत्तम आला, झटक्यात तोडली. "आत्या, देवी-देव मानणार नाही अशा प्रतिज्ञा घेतल्या ना आपण? हे काय पुन्हा?" मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. ने ती डहाळी. पण तिच्या जागी तू बस." तो बसला आहे. म्हणून इथं दिसत नाही तुम्हाले.

पण उत्तम एकटा किती जणांले अडवन? मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आता तुम्ही उठान, घरोघरच्या भाकरी बांधान, बाया तिच्या गळ्यात पडून रडान. रिवाज आहे. आजचा दिवस मोडा तो. भाकर भावजयीले द्या, मले द्या, इथंच द्या. तिच्या दारात नेऊ नका. आन् तिचे कपडे नाल्यात खांदलेल्या झिऱ्यावर धुवाले नेऊ नका कोणी. डॉक्टर म्हणे हा ताप पाण्यातून येते. गावच्या विहिरीवर आपला दोर अजून चालत नाही, झिऱ्याचंच पाणी आपल्या नशिबी. मंग तेच पाणी आपणच खराब करावं का? उकळून प्या. तिच्या कपड्या-भांड्याले शिवान तर साबणानं हात धुवा. तुम्हाले वाटन, म्हातारी शोकसभेत पाण्याचं काय घेऊन बसली. मंग कुठं बोलू? पुढच्या शोकसभेत?

वामनसाठी दोन मिनिटं उभं राहाचं आहे, मले माहीत आहे. ती शांतता मी इथं नाही मागत. इथून निघाले की साऱ्यांले सुमनच्या दारावरूनच जा लागते. तिथं द्या मले ती शांतता. चपला हातात घ्या. लेकराले कडेवर घ्या. थांबू नका, डोकावू नका, हाक मारू नका.

आन् वामनले शेवटचा जयभीम... हळूच म्हणा रे. ती आत्ताच झोपली आहे.