पंचविशीच्या आतली

— नाही हो साहेब, वेगळीच राहते माझी लेक. वरच्या खोलीत, म्हणजे माझ्या डोक्यावर, पण वेगळी. बसा ना, त्या पँटी सरकवा, दुमड उसवून लांब करायच्यात सगळ्या — लोकांची पोरं उंच होतायत म्हणून माझं पोट चाललंय. तर तुमचा तो नियम मला पाठ झालाय. पंचविशीच्या आत असून आईकडे राहिली तर बेकारी भत्ता नाही, वेगळी राहिली तर आहे. पंचविशीच्या आत भूक कमी लागते का हो? नाही नाही, नियम तुम्ही नाही केला, ठाऊक आहे. तेवीसची आहे ती. कामाला होती तो छापखाना बंद पडला, त्याला ती काय करणार? तेव्हा मीच म्हटलं, अगं, वरची खोली घे, बाहेरून जिना आहेच, आतल्या जिन्याच्या दारापुढे कपाट सरकवू, झालीस वेगळी! दोघींनी ढकललं, हसून हसून माझी कंबर धरली — कुठलं कपाट? ते होय — ते पहिल्यापासूनच आहे तिथं. फरशीवर ओरखडे दिसतायत? नजर बरी आहे हो तुमची, जरा सुईत दोरा ओवून देता?

बरं, सापडले मी तुमच्या तावडीत. पण पुढचं तर ऐका — सुरुवातीला ठरल्यासारखं चाललं होतं. भूक लागली की ती वरून टाच आपटायची, मी ताट घेऊन जिना चढायची. आता नाही आपटत. मशीन थांबवून थांबवून ऐकते मी, वेडी. परवा आपणहून ताट नेलं, तर दारातूनच, "आई, मी जेवले." काय जेवलीस? "केलं काहीतरी." हिला धड पाणी उकळता येत नव्हतं हो! म्हटलं, अगं बाई, हे भत्त्यापुरतं नाटक आहे ना आपलं? तर म्हणते कशी, "तुझं असेल." घ्या! अक्कल माझी, कपाट माझं, आणि त्याच्या अलीकडे राहिले तीही मीच.

काय? वर जाऊन बघायचंय? बघा की. एक ताट, एक भांडं, एक उशी — मांडून नाही ठेवलेलं, खरंच तसंच आहे. फक्त दार वाजवलंत की तुमचं नाव सांगा, माझं नको. माझं सांगितलंत तर आतूनच म्हणेल, जेवले म्हणून. जा आता, जा — मला कामं पडलीत.