बदामाची कॉफी

आमच्या भेस्तानच्या नीलेशचं लग्न ठरता ठरता कसं मोडलं, ऐका. मुलीकडचे नंदुरबारहून घर बघायला आले. चहाचं आधण खाली उतरवून हा म्हणाला, "कॉफी मीच करतो." मोबाईलवर बघून बघून कॉफीवर दुधाच्या फेसाचा, पत्त्यातल्यासारखा बदाम काढायला शिकला होता ना!

आई कौतुकाने पाहुण्यांना म्हणाली, "बदामाची कॉफी आणतोय पोरगा."

बऱ्याच वेळाने कप आले. बदाम खरंच झकास उठला होता. मुलीच्या वडिलांनी चमचा घालून तळापासून ढवळलं.

नीलेश कळवळला, "काका, बदाम मोडला!"

"मोडायला आधी सापडू तर दे!"

दुसऱ्या दिवशी फोनवर नकार आला. "मुलगा चांगला आहे हो, पण पाहुण्यांच्या कपात एक बदाम टाकणंही त्याच्या जिवावर येतं."