बाबांचं मत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाई तंत्रज्ञान आणि समाज या विषयांवरचं एक मासिक चाळत होत्या. पलीकडची तरुणी त्यांना म्हणाली,

"यात मी लिहायचे."

"हो का? चांगलं असतं, पण जरा जड जातं बाई."

"माझे बाबा दर महिन्याला फोनवर म्हणायचे, लेख छान झालाय. एकदा अंकात माझा लेख नव्हताच, तरी तेच म्हणाले."

"म्हणजे न वाचताच?"

"मलाही तसंच वाटलं. इतका राग आला की अंक पाठवणंच बंद केलं."

"आणि आता?"

"आत पुन्हा तपासतायत त्यांना. मघाशी डॉक्टर म्हणाले, गेली दोन-तीन वर्षं तरी यांना अक्षर दिसत नसणार."

"मग बोलले का नाहीत?"

"तेच विचारलं मी. म्हणाले, सांगितलं असतं तर तू अंक पाठवणं बंद केलं असतंस."