मध्यंतरातली वीस मिनिटं

मंडळी, ऐका. आज तुम्हाला फार फिरवत नाही. एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तर लगेच देऊ नका. घाई केलीत की चुकाल. एखादी गोष्ट माणसानं चारचौघांत देऊन टाकली, मोकळ्या मनानं, हातचं काही न राखता, तर ती नंतर त्याची राहते का?

हो म्हणणारे माना हलवताहेत. नाही म्हणणारेही हलवताहेत. काही जण तर प्रश्न ऐकलाच नाही तरी हलवताहेत, त्यांना सवय आहे! सदूभाऊ, तबला जरा थांबवा. आज ताल धरायची गोष्ट नाही.

ही कथा पुराणातली नाही. तुमच्या या भट्टीवाडीतली आहे. जुन्यांना ठाऊक आहे, नव्या सुनांसाठी पहिल्यापासून सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतोय, हेही आधीच सांगून ठेवतो.

वस्तीला भट्टीवाडी का म्हणतात? पलीकडे कारखाना होता. मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या, फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं. पुढे कारखाना बंद पडला. मालक गेला, पत्रे गेले, विटासुद्धा लोकांनी नेल्या. शिसं मात्र राहिलं. कुठे? मातीत! ना दिसत, ना वास येत. रांगतं पोर अंगणात खेळतं, तेच बोट तोंडात घालतं, गेलं पोटात.

या पुढे बसल्यात ना, पारूबाई लोखंडे, यांची नात पाच वर्षांची झाली तरी वाक्य पुरं बोलत नव्हती. रक्त तपासलं तर शिसं निघालं. पारूबाई रोज इथे येऊन देवीला विचारायच्या, माझं काय चुकलं? काही चुकलं नव्हतं, बाई. कारखान्यामागची मऊ माती आणून तुम्ही अंगण सारवत होतात, एवढंच. नातवंडांसाठी अंगण छान ठेवत होतात.

आता यात दोन मास्तर येतात. दोघे तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. एक मुकुंद टिपणीस, बोलका, हातवारे करणारा, खडूनं कोट पांढरा झालेला. दुसरे अशोक बारटक्के, यांच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघाले तर पुष्कळ. बावीस वर्षं दोघे एकाच डब्यात जेवले. टिपणिसांची बायको लवकर गेली, बारटक्क्यांनी लग्नच केलं नव्हतं. डबा एका खानावळीचा, भाजी कसली आहे यावरून रोज भांडण, आणि शेवटची पोळी रोज अर्धी अर्धी.

या दोघांनी भट्टीवाडीची माती मनावर घेतली. टिपणिसांना युक्ती सुचायची. बारटक्के ती करून बघायचे, मोजायचे, आणि म्हणायचे, "नाही." पुन्हा युक्ती, पुन्हा "नाही." सहा वर्षं! घरात एवढ्यांदा कुणी नाही म्हटलं असतं तर तुम्ही वेगळी चूल मांडली असती.

शेवटी जमलं. माती जराशी आंबट करायची, मग हाडांच्या खताची भुकटी मिसळायची, ओल धरून ठेवायची, शेवटी चुना. नाक मुरडू नका, हाडांचं खत तुमच्या वांग्यालाही असतं! शिसं मातीतच राहतं, पण त्याचा असा खडा बनतो की पोटात गेला तरी अंगात फारसा मुरत नाही. आणि सगळी मेख क्रमात. चिंच आधी घातली की डाळ शिजत नाही, हे कुठल्याही सुगरणीला विचारा. इथे तसंच. चुना आधी पडला की सगळं फुकट. हा क्रम कुणी शोधला? टिपणिसांना सुचला. खरा ठरवला बारटक्क्यांनी, एकशे चाळीस वेळा मोजून.

आणि त्याच आठवड्यात या देवळात सप्ताह. माघातली दशमी. कीर्तन कुणाचं? या तुमच्या सेवकाचं!

पूर्वरंग झाला, मध्यंतर झालं. मला हार घातला, तुम्हाला बुक्का लावत थाळी फिरायला लागली. तोच टिपणीस मास्तर पुढे आले. "बुवा, दोन मिनिटं बोलू का?" मी म्हटलं, बोला. मध्यंतरात हरवलेल्या चपलांची सूचना देतात, तसंच काही असेल!

मंडळी, वीस मिनिटं बोलला तो माणूस! माती किती, खत किती, चुना कधी, सगळं सांगितलं. बायकांनी प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरं दिली. शेवटी बादलीत माती कालवून दाखवली, इथे, या पायरीवर. दुसऱ्या दिवशी पारूबाईंनी अंगणात तसंच केलं. आणि मी? मी हार घालून ताटकळत उभा, आतल्या आत जळतोय. माझा उत्तररंग कापला जाणार होता!

आता आम्हा कीर्तनकारांची एक सवय सांगतो. आम्ही वही ठेवतो. तारीख, गाव, कुठलं आख्यान लावलं. का? तेच आख्यान पुढच्या वर्षी त्याच गावात लावलं तर तुम्हीच पुढचं वाक्य म्हणून दाखवता! त्या दिवशी घरी गेलो आणि रागारागानं वहीत लिहिलं, "मध्यंतरात टिपणीस मास्तर वीस मिनिटे मातीच्या औषधावर बोलले. कृती करून दाखवली. उत्तररंग कापावा लागला." लिहिलं, वही मिटली, विसरलो.

एक माणूस मात्र ती वीस मिनिटं विसरला नाही. त्या खांबाला टेकून बारटक्के बसले होते. वीस मिनिटांत टिपणीस "मला सुचलं" म्हणाले, "मी करून पाहिलं" म्हणाले, "माझी पद्धत" म्हणाले. बारटक्के हे नाव एकदाही आलं नाही. मुद्दाम नव्हे, आनंदात! पण शेजारी बसलेल्याला आनंदानं विसरलेलं काय आणि मुद्दाम विसरलेलं काय, सारखंच लागतं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी बारटक्के आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ज्येष्ठात कळलं, त्यांनी पेटंटचा अर्ज केला. एकट्याच्या नावावर! पेटंट म्हणजे काय? ही कृती माझी, माझ्या परवानगीशिवाय कुणी वापरायची नाही, असा सरकारी कागद. पुढे तो कागद मिळाला आणि त्यांनी तो एका कंपनीला देऊन टाकला. नगरपालिका भट्टीवाडीची सगळी माती याच पद्धतीनं सुधारणार होती. कंपनीची नोटीस आली, काम बंद. पारूबाईंचं अंगण तेवढं झालं, शाळेचं मैदान राहिलं.

टिपणीस पेटून उठले. हरकत घेतली, शोध माझा आहे, चोरलाय. तारीख पडली, पुन्हा तारीख. अकरा वर्षं! नोकरी संपली. खानावळीवाल्यानं विचारलं, डबा अर्धा करू का? एकट्याला पुरा डबा जात नव्हता. ते म्हणाले, नको, पुराच पाठव. आणि रोज अर्धी पोळी डब्यात परत जायची. कज्जा सोडून दुसरं बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नाही, आणि कज्ज्याचं ऐकायला माणूस उरला नाही. दिसले की लोक रस्ता बदलायचे. मीही बदलायचो. खोटं कशाला बोलू?

एक दिवस ते माझ्या घरी आले. "बुवा, त्या सप्ताहात मी बोललो होतो, तुम्हाला आठवतंय? ते आधी मला सुचलं होतं, एवढं तुम्ही सांगाल?" मला वही आठवली. मीच काढून दिली, मोठ्या ऐटीत!

ती वही घेऊन ते वकिलीणबाईंकडे गेले. मृणाल ठोसर, वयानं लहान, पण बुद्धी लखलखीत. मीही बरोबर होतो. बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि वही मिटून टेबलावर ठेवली.

"सर, ही वही दाखवली तर बारटक्के नक्की हरतील."

टिपणीस हसले. किती वर्षांनी हसले असतील!

"पण तुम्हीही हराल. अर्ज ज्येष्ठातला, हे माघातलं. अर्जाआधी तुम्ही ते भर देवळात दोनशे माणसांना सांगितलंत, करून दाखवलंत. कायद्याला ते आता नवीन नाही. त्यावर पेटंट कुणालाच नाही मिळणार. ना त्यांना, ना तुम्हाला."

"आणि नाही दाखवली तर?"

"मग तुमच्या प्रयोगवह्यांवर लढू. जिंकू शकतो, पेटंट तुमच्या नावावर येऊ शकतं. पण ते अपिलात जातील, अजून पाच-सहा वर्षं. शिवाय प्रतिज्ञापत्रात विचारतील, आधी कुठे जाहीर सांगितलं होतं का? तिथे तुम्हाला नाही लिहावं लागेल. तसं असेल तर मी नाही, दुसरा वकील बघा."

मास्तरांनी मिटलेल्या वहीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बुवा, अकरा वर्षांत माझं नीट ऐकलंय कुणी? त्या संध्याकाळी ऐकलं होतं. दोनशे माणसांनी. तेवढी एकच संध्याकाळ आहे माझ्याकडे, आणि ती झालीच नाही असं मीच लिहून देऊ?"

मग त्यांनी पुन्हा वही उघडली, ती ओळ वाचली आणि म्हणाले, "यात अशोकचं नाव नाही."

मी म्हटलं, "तुम्ही घेतलंच नाहीत, मास्तर."

खरं सांगतो, मला ते फक्त वहीबद्दल म्हणायचं होतं. पण त्यांचा चेहरा असा उतरला की वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं. अकरा वर्षं हा माणूस विचारत होता, अशोकनं असं का केलं? उत्तर माझ्या कपाटात पडून होतं.

"त्याचं नाव आता लिहा की यात," म्हणाले. बाई म्हणाल्या, "पुराव्याला हात लावायचा नाही, सर." वही राहिली तशीच.

सुनावणीला मी गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात एकच बाक. एका टोकाला बारटक्के, एका टोकाला टिपणीस, मध्ये दोन हात जागा. टिपणिसांनी पिशवीतून डबा काढला आणि मध्ये ठेवला. बारटक्के त्याच्याकडे न बघता म्हणाले, "वकिलांनी बोलू नको सांगितलंय." डबा तसाच राहिला.

आत टिपणिसांचं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं. माघ दशमीला मी ही कृती भट्टीवाडीच्या देवळात सर्वांना सांगितली, ती गुप्त नव्हती. शोध आम्हा दोघांचा होता. त्या दिवशी मी माझ्या एकट्याचं नाव घेतलं, ती चूक माझी. एवढंच.

पेटंट रद्द झालं. मास्तर हरले, बारटक्के हरले, कंपनी हरली. जिन्यात बारटक्के थांबले. "अकरा वर्षं लागली तुला, मुकुंदा," म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. टिपणीस वरच उभे राहिले. हाक मारतील असं मला वाटलं. नाही मारली. पुढच्या पौषात बारटक्के गेले. मास्तरांना बारा दिवसांनी कळलं.

शाळेचं मैदान त्या उन्हाळ्यात झालं. आज तुमची पोरं तिथे लोळतात. कुणाच्या पद्धतीनं, ते फळ्यावर लिहिलेलं नाही. कायद्यानं ती कुणाचीच नाही, म्हणून तर ती तुमची झाली.

तर माझा प्रश्न. दिलेली गोष्ट आपली राहते का? आता तुम्हीच ठरवा, मला दुसरंच विचारायचंय. देताना तुम्ही कुणाचं नाव खाल्लंत? घर बांधलं म्हणता, पाणी कुणी मारलं? पोरांना शिकवलं म्हणता, डबे कुणी केले? ते माणूस कुठल्यातरी खांबाला टेकून बसलंय आणि तुम्ही बोलताय, मी, मी, मी! ते उठून जायच्या आत नाव घ्या. नंतर घेतलं तर ते कागदावर उरतं, जिन्यात मागे वळायला माणूस उरत नाही.

आणि मी कोण मोठा सांगणारा? ती वीस मिनिटं मी इथेच उभा होतो, आणि मी एक अक्षर मन लावून ऐकलं नव्हतं.

टिपणीस मास्तर दर वर्षी येतात. आजही आलेत. त्या खांबापाशी बसलेत. मागे वळून बघू नका, त्यांना आवडत नाही. एवढी दाटी आहे तरी त्यांच्या उजव्या हाताला एक जागा रिकामी आहे. कुणी अजून यायचंय असं समजून तुम्ही ती दर वर्षी सोडता.

आज वहीत लिहिणार आहे: भट्टीवाडी, आख्यान टिपणीस आणि बारटक्के यांचं. दोन्ही नावं. आता निरांजन लावा, आरती तुम्ही म्हणा. आज मी इथे उभा राहणार नाही. मास्तरांच्या डाव्या हाताला जरा सरकून घ्या, मला तिथे बसायचंय.