मानपाड्यात तापलेला ट्रक

मानपाड्याचं तुम्हाला सांगितलं नाही वाटतं. घर बदलताना माझं सामान बाळारामच्या जुन्या ट्रकमध्ये होतं आणि मी त्याच्या शेजारी बसलेलो. अचानक तापमानाचा काटा लालमध्ये गेला. बाळारामने गाडी थांबवली आणि फडकं घेऊन थेट रेडिएटरचं झाकण धरलं. जन्मभर उष्णतेचं शास्त्र शिकवलं, तरी मनात आलं, आपलंच चुकत असेल तर? शेवटी ओरडलोच, "हात काढ! उकळतं पाणी तोंडावर उडेल!"

तो दचकून मागे सरला. इंजिन निवल्यावर पाहिलं, तर पाणी पुरेसं होतं, पंख्याचा पट्टाही घट्ट होता. ट्रकच्या समोर जाऊन पाहिलं, तर रेडिएटरपुढच्या अख्ख्या जाळीवर वॉर्डातल्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स!

"अरे, हवा शिरणार कुठून? काढ तो आधी."

"काका, गाडी तापली तर थांबून निवते. भाऊ तापले तर?"