भिवा खलाशी नाय म्हणाला

मी सुमन, भिवा खलाशाची मुलगी, गाव जैतापूरच्या खाडीच्या अंगाला, आणि आता राहते न्यूझीलंडात, लोअर हटमध्ये, लेकाकडे, बारा-पंधरा वर्षं झाली असतील, मोजत कोण बसतो. आमच्या वाडीत घरटी एक पुरुष बोटीवर. पोराला मिसरूड फुटली की तो सारंगाच्या दारात उभा, सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, तो मुंबईच्या गोदीत माणसं लावायचा आणि लावायचा तीही आपल्याच गावची, दुसऱ्या गावचा माणूस त्याला चालायचाच नाय. त्यामुळे एका बोटीवर गेलात की अर्धी वाडी तिथे, भांडणंसुद्धा घरचीच, बांधावरची. हे जरा ध्यानात ठेवा, कारण आमच्या इथल्या मंडळींच्या डोक्यात एवढीच गोष्ट शिरत नाय.

मंडळी म्हणजे आमचं मराठी मंडळ हो. पुण्या-मुंबईची हुशार माणसं, सगळी कॉम्प्युटरवाली, नाय तर इंजिनियर. मी इथे आल्यावर म्हाताऱ्यांच्या आश्रमाच्या लाँड्रीत काम धरलं, चादरी धुतल्या, घड्या घातल्या, तर मंडळाच्या सेक्रेटरीबाई माझी ओळख कशी करून देतात, म्हणे सुमनताई एज्ड केअर सेक्टरमध्ये होत्या. मी म्हटलं बाई, सेक्टर कसला, मी चादरी धुवायची. तर त्या हसल्या, म्हणाल्या तुम्ही किती हंबल आहात. काय सांगू तुम्हाला, खरं बोललेलंसुद्धा ह्यांच्याकडे मोठेपणाच्या खात्यात जमा होतं.

तर ह्या सेक्रेटरीबाईंना ह्या वर्षी सुचलं की अँझॅकच्या आठवड्यात आपल्याही मंडळाने काहीतरी करावं, इथले लोक लढाईत गेलेल्यांची आठवण काढतात, लाल कागदाचं फूल छातीवर लावतात, तर आपलंही कोणीतरी लढाईत गेलेलं पाहिजे. शोध शोध शोधलं, आणि सापडला कोण, तर माझा बापूस. माझ्या लेकानेच, महेशने, फुशारकीने सांगितलेलं, माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकला होते. झालं, बाई खूश. हॉलमध्ये कार्यक्रम, इथल्या खासदाराला बोलवायचं, मागे पडद्यावर आजोबांचा फोटो, आणि पुढे मी, नऊवारी नेसून, फुलांचं चक्र हातात घेऊन. नऊवारी कशाला, मी विचारलं. तर म्हणे ऑथेंटिक वाटतं.

आणि फोटो बघाल तर हसाल. बापसाचा एकच फोटो आमच्याकडे, म्हातारपणीचा, बनियन घातलेला, पुढचा दात पडलेला. तो महेशने मोबाईलमधल्या त्या कसल्याशा एआयला दिलान, आणि त्या मेल्याने बापसाला तरुण केलंन, गोरं केलंन, दात बसवून दिलान, वर नेव्हीचा पांढरा कडक गणवेश आणि छातीवर पाच पदकं. मला दाखवलंन, म्हणाला आई बघ, आजोबा काय दिसतात. मी म्हटलं हा कोण आहे. तुझ्या सासऱ्यांच्या घरातला कोणी आहे का. सून आतून हसली, केतकी, तिला माझं बोलणं आवडतं, नवऱ्याला लागतं तेवढंच आवडतं.

बापूस नेव्हीत नव्हताच हो. मालाच्या बोटीवर डेकवरचा खलाशी, दोर ओढायचा, डेक धुवायचा, रंग लावायचा. कॅनडातून गहू भरायचा आणि विलायतेत नेऊन उतरवायचा. लढाई चालू होती, समुद्रात जर्मनांच्या पाणबुड्या, म्हणून एकटी बोट सोडत नसत, चाळीस-पन्नास बोटी एकत्र निघायच्या, रांगा करून, बाजूने लढाऊ बोटी राखणीला. त्याला कानवाय म्हणायचा बापूस. सगळ्यांनी एकाच वेगाने चालायचं, म्हणजे जी सगळ्यात खटारा बोट असेल तिच्या वेगाने, आणि ती खटारा बोट बहुतेक बापसाचीच असायची, असं तोच सांगायचा. आणि एक हुकूम होता. एखादी बोट फुटली तर बाकीच्यांनी थांबायचं नाय. माणसं पाण्यात पडली तरी थांबायचं नाय, आपली रांग सोडायची नाय, कारण थांबेल ती पुढची फुटायची. शेवटाला एक लहान बोट असायची उचलायला, तिने उचललं तर नशीब. हुकूम चुकीचा होता असं बापूस कधीच म्हणाला नाय, हे पण ऐका. हिशेब बरोबर होता, म्हणायचा, पण हिशेब करणारा पाण्यात नव्हता.

एका खेपेला काय झालं, बापसाच्या बोटीच्या पुढच्या बोटीवर पण आमचीच वाडी. दोन सारंग सख्खे भाऊ, दोघांनी गाव वाटून घेतलेलं. दुपारची वेळ, बापूस दोर गुंडाळत होता, आणि पुढच्या बोटीला लागला पाणबुडीचा टॉर्पेडो. बघता बघता ती कलली, आणि माणसं पाण्यात. बापसाची बोट मागून येत होती तशीच येत राहिली, सरळ त्यांच्यामधून. आणि ती माणसं हाका मारायला लागली. आता बघा, दुसऱ्या कोणाच्या बोटीवर असते तर वाचवा वाचवा असं काहीतरी ओरडले असते, इथे काय, सगळ्यांना सगळ्यांची नावं ठाऊक. भिवा म्हणून, विठू म्हणून, सारंगचाचा म्हणून, नावं घेऊन हाका. सारंग रेलिंगला धरून उभा, त्याचा स्वतःचा भाऊ पाण्यात, आणि वरून साहेबाचा हुकूम, कामाला लागा. गणपत नावाचा एक होता, बापसाच्या घरामागच्या घरातला, तो अगदी जवळ आला. भिवा, दोर टाक, म्हणाला. बापसाच्या हातात दोर होताच, टाकलान. गणपतने धरलान पण. पण बोट चालूच ना हो. बोट चालूच. गारठलेले हात, ते किती वेळ धरणार. बापसाने दोर वर ओढलान तर ओला दोर तेवढा आला.

विलायतेला पोचल्यावर गहू उतरला, दोन दिवसांनी म्हणाले चला परत. बापूस आणि त्याच्याबरोबर आणखी काही जण बंदरावर बसले, म्हणाले येतो, पण असं लिहून द्या की आमची माणसं पाण्यात पडली तर बोट थांबेल. लिहून द्या म्हणे! लढाईत! साहेब लोक हसले असतील नाय तर काय. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, दुभाषी घातला, विचारलंन तू भितोस का. बापूस म्हणाला भितो, पण त्यासाठी बसलो नाय. मग तुरुंग. काही महिने तिकडच्या थंडीत बसला, मग एका बोटीत घालून मुंबईला पाठवून दिला, आणि त्यानंतर कुठल्या बोटीवर त्याला घेतला नाय. आयुष्यभर खाडीत होडी चालवलीन.

आणि गावाने काय केलं असेल. पळपुटा म्हणाले. ज्यांची माणसं बुडाली तेच म्हणाले, ह्याची गंमत बघा. त्यांच्याकडे कंपनीचा निरोप गेलेला, शौर्याने मेले, बिमेले. ते ऐकायला बरं वाटतं. बापूस घरोघर जाऊन सांगायला लागला की हाका मारत होते, आम्ही थांबलो नाय, तर लोकांनी दारं लावली. एकच बाई ऐकून घेत बसली, गणपतची बायको पार्वती, कडेवर तान्हा पोरगा. दोराचं सगळं ऐकलंन. मग विचारलंन, माझं नाव घेतलंन का त्याने. बापूस म्हणाला नाय, माझं घेतलंन. ती म्हणाली बरं, खोटं नाय बोललास. दोन-तीन वर्षांनी त्याच पार्वतीशी बापसाने पाट लावला. ती माझी आवस. आणि कडेवरचा पोर तो माझा दत्तूदादा, आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, गावालाच असतो. शाळेत घालताना मास्तर म्हणाले बापाचं नाव भिवा लावूया, सुटसुटीत होईल. बापूस म्हणाला नाय. दत्ताराम गणपत लिहा. तेवढं पण बुडवू काय मी त्याचं?

हे सगळं महेशला ठाऊक आहे, आज कळलेलं नाय. आणि त्याने भाषण काय लिहावं, म्हणे आजोबांनी बर्फासारख्या पाण्यात उडी घेऊन साथीदारांना वाचवलं. मी म्हटलं बोलायचं तर तुरुंग पण सांग. तो उठून उभा राहिला. आई, खासदार येणार आहेत, माझ्या ऑफिसचे लोक येणार, जेल काय सांगायचं, आणि आजीचा पाट काय चव्हाट्यावर मांडायचा, दत्तूमामाला काय वाटेल, ह्या वयात त्याची लाज काढशील का. आता दत्तूमामा! सात वर्षांत एक फोन केला नव्हतान मामाला. पण खरं सांगते, तिथे मी वाद सोडला. कारण दादाला काय वाटेल ते मला पण ठाऊक नव्हतं. आमच्या घरात बापसाने सगळं सांगितलंन, पण दादा त्यावर कधी एक शब्द बोलला नव्हता. ऐकायचा आणि उठून होडीकडे जायचा. माझ्या जिवाला घोर लागला तो तेवढाच, खासदार गेला खड्ड्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. बाईंनी इथल्या माओरींचं किया ओरा आणि आपला नमस्कार, दोन्ही केलं, पडद्यावर तो गोरा माणूस आला, लोक म्हणाले वाव. महेशने उडी मारून दाखवलीन, भाषणात. मग माझ्या हातात माईक, दोन शब्द बोला. मी नऊवारी नेसले नव्हते, रोजचीच साडी. म्हटलं पडद्यावरचा माणूस मला ठाऊक नाय. माझा बापूस भिवा, त्याने उडी मारलीन नाय, कोणाला वाचवलंन नाय. दोर टाकलान आणि तो सुटला. मग परत बोटीवर चढायला बापूस नाय म्हणाला आणि तुरुंगात बसला. दोर ज्याच्या हातातून सुटला त्याचं नाव गणपत, त्याची बायको माझी आवस, त्याचा मुलगा माझा सख्खा भाऊ, मी सख्खाच म्हणते. एवढं मराठीत बोलले आणि माईक ठेवला.

तुम्हाला वाटेल लोक गप्प झाले असतील, कोणाची तरी मान खाली गेली असेल. छे. टाळ्या! उभे राहून टाळ्या! खासदाराला कोणीतरी कानात इंग्रजीत सांगितलं, तो पण टाळ्या. बाई डोळे पुसत म्हणाल्या सो पॉवरफुल, सुमनताई, हे आपण आपल्या पेजवर टाकू. आणि पाचव्या मिनिटाला सगळे बटाटेवड्याच्या रांगेत. त्यांना उडी सांगा, तुरुंग सांगा, बुडलेला सांगा, सगळ्याला एकच टाळी, एकाच मापाची. मी पण वडा घेतला. कच्चा होता आत.

महेश माझ्याशी अजून नीट बोलत नाय. सकाळी गाडी काढतो, बाय आई म्हणतो, तेवढंच. बोलेल. नाय बोलला तरी जेवतो माझ्याच हातचं.

घरी आल्यावर मी दादाला फोन लावला, व्हिडिओवाला, नातवाने धरून दिला तिकडे. सगळं सांगितलं, तुरुंगाचं, दोराचं, आवशीच्या पाटाचं, परक्या मुलखात शंभर माणसांपुढे बोलले म्हणून सांगितलं. तो कानाला हात लावून ऐकत होता. कपाळाला आठ्या. मला वाटलं रागावला, म्हटलं दादा, चुकलं काय माझं. तर म्हणाला, दोघांची नावं घेतलीस ना? म्हटलं घेतली, भिवा पण आणि गणपत पण. म्हणाला, माईकवर? म्हटलं माईकवर. मग तो रडायला लागला हो, पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, म्हणाला माझ्या बापसाचं नाव आजवर शाळेतल्या हजेरीशिवाय कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. देव तुझं भलं करो, म्हणाला, आता ठेव, तुझे पैसे जात असतील. पैसे जात नाय त्या फोनला, पण मी ठेवला.