बिनसाखरेचा महिना

(पडदे शिवण्याचं दुकान. दोन बहिणी दोन मशीनवर, मावशी इस्त्रीच्या टेबलापाशी. थोरलीनं नुकताच चहा आणून ठेवलाय.)

धाकटी : ...आणि ताई, ऐक ना, गंमत म्हणजे हल्ली मला बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागायला लागलाय! खरंच! जीभ बदलते म्हणे माणसाची!

थोरली : बदलत असेल. पाय काढ आधी, झालर चुरगळतेय.

धाकटी : रिकाम्या कपाचा फोटो टाकला की ग्रुपवर मामाच्या टाळ्या, काकूच्या टाळ्या. आणि आई तर रोज लिहिते, ‘माझी लेक म्हणजे लोखंड!’ तूच तेवढी काही टाकत नाहीस.

थोरली : माझे हात कापडात असतात.

मावशी : थोरलीच्या टाळ्या मशीनमध्ये अडकल्या वाटतं.

थोरली : मावशी, इस्त्री तापलीय. तिकडे बघा.

मावशी : इस्त्रीपेक्षा इथंच जास्त तापलंय.

धाकटी : अय्या, आईचाच फोन! बाहेर जाऊन बोलते, चहाकडे बघा हं माझ्या. हॅलो आई! अगं एक दाणासुद्धा नाही, तुझी शपथ!

मावशी : झालं, अख्ख्या गल्लीला कळलं. महिनाभर साखर सोडली तर केवढी ही मिरवणूक! तुला किती वर्षं झाली गं?

थोरली : डॉक्टरांनी बंद केली तेव्हा माझी पोर पाळण्यात होती. आता माझ्या चपला घालून कॉलेजला जाते.

मावशी : मग आई काय म्हणाली होती तेव्हा?

थोरली : म्हणाली, ‘या वयात कसला गं रोग लावून घेतलास?’ ती लोखंड. आणि मी गंजलेली.

मावशी : जाऊ दे गं. हिचा चहा मात्र गार व्हायला लागला, घोटभर मीच घेते...

थोरली : मावशी, तो कप ठेवा.

मावशी : अगबाई! हा चहा आहे का पाक?

धाकटी : कसला पाक?

मावशी : आलीस? काही नाही गं. कप चुकला माझा.

धाकटी : चुकला कसा? तुमचा रिकामा, ताईचा भरलेला. हा माझाच. बघू... ताई! कधीपासून?

थोरली : आईनं पहिल्यांदा लोखंड लिहिलं तेव्हापासून. आधी चिमूटभरच घातली, तू ओळखशील म्हणून. तर तू म्हणालीस, आज काय फक्कड झालाय! मग हात सैल सुटला.

धाकटी : आणि मी जगभर सांगत सुटलेय, जीभ बदलली म्हणून! माझं एवढंसुद्धा बघवत नाही तुला?

थोरली : नाही बघवत! जा, घाल ग्रुपवर. पोटात दुखतं माझ्या. तुझा महिना संपला की तू केक कापणार. माझा महिना संपतच नाही गं.

मावशी : मी जरा पाणी भरून आणते.

धाकटी : ...ताई.

थोरली : बोल. काय बोलायचंय ते बोलून टाक.

धाकटी : सुरुवातीचे दिवस मी खरंच पाळले होते. डोकं नुसतं भणभणत होतं, नवऱ्याच्या अंगावर खेकसत होते. मग एकदम सोपंच झालं. तुझ्या साखरेनं झालं होतं होय! तुला कसं जमलं गं?

थोरली : टोमणा मारतेस?

धाकटी : विचारतेय.

थोरली : ...सुईत दोरा जायचा नाही. मग पोरीला मांडीवर घेऊन रडत बसायचे, कुणी आलं तर ती रडतेय म्हणून सांगायचे.

धाकटी : आम्हाला कधी बोलली नाहीस.

थोरली : विचारलं कुणी?

धाकटी : उद्या पुन्हा पहिल्यापासून धरते. चहा मात्र मी करणार.

थोरली : कर. पण दुसरा आठवडा फार वाईट असतो. तेव्हा फोटो काढत बसू नकोस. मला हाक मार.